आधी चामडं, मग अवजारं

घरी चामड्याचं काम सुरू करायचं म्हणून ऑनलाइन शोधायला बसलं की सगळ्यात आधी समोर येतात त्या पेट्या. साठ-सत्तर नगांचा एकच संच, लाकडी मुठी, चकाकणारं पोलाद, आणि वर ग्वाही की नवशिक्याला लागणारं सगळं यात आलं. अशा काही पेट्यांची यादी मी नगानग वाचून काढली. निम्मे नग नक्षीचे ठसे. मग सुया, दोऱ्याची रीळं, अंगठ्यात घालायचं टोपण, एकसारख्या दिसणाऱ्या आऱ्या. एवढ्या सगळ्यात ही अवजारं कोणत्या चामड्यासाठी आणि किती जाडीसाठी आहेत, याबद्दल अवाक्षर नाही. ते ठसे बाजारातल्या बहुतेक चामड्यांवर टिकतच नाहीत, हे तर कोण सांगणार! पेटीचा नाद सोडला आणि उलट्या टोकाने निघाले. आधी वस्तू ठरवायची, मग तिला लागणारं चामडं, आणि त्या चामड्याला लागतील तेवढीच अवजारं.

वस्तू निवडली कार्डं ठेवायचं छोटं पाकीट. त्यामागे हिशेब होता. बँकेचं कार्ड जगात कुठेही ८५.६ बाय ५४ मिलिमीटरचंच असतं, त्यामुळे मापांचा घोळ नाही. दोन्ही बाजूंना शिवणीसाठी जागा सोडली की पाकिटाची रुंदी दहा सेंटिमीटरच्या आसपास येते, आणि अख्खं पाकीट ए-फोर कागदाएवढ्या चामड्यात बसतं. जाडी १ ते १.२ मिमी पुरते. कडेला तीन थर एकावर एक आले तरी साडेतीन मिमीच्या थोडं वर जातं, म्हणजे भोक पाडायला दंडाची ताकद लागत नाही. नकाशा आधी जाड पुठ्ठ्यावर कापला, त्यात खरी कार्डं घालून-काढून बघितली. पुठ्ठा फुकट असतो, चामडं नसतं.

आता चामडं. कमावण्याच्या मुख्य तऱ्हा दोन. झाडांच्या साली, लाकूड, फळं यांच्यातल्या टॅनिनने कमावलेलं ते व्हेज टॅन. ओक, चेस्टनट, मिमोसा, क्वेब्राचो आणि आपल्या ओळखीचा हिरडा, सगळे याच कामाचे. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं ते क्रोम टॅन. ही दुसरी पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आली आणि तिने बाजार काबीज केला. सालीच्या पाण्यात जे काम आठवडे, प्रसंगी महिने चालतं ते क्रोमच्या पिंपात एखाद्या दिवसात उरकतं, मग कारखानदार कशाला थांबेल? जॅकेट, सोफे, बुटांचे वरचे भाग, बहुतेक बॅगा हे सगळं क्रोम. ते मऊ असतं, पाण्याला दाद देत नाही, रंग धरून ठेवतं. पण त्यावर ठसा मारला तर तो थोड्या वेळात फुगून वर येतो, आणि त्याची कड कितीही घासा, चकाकत नाही. व्हेज टॅन कडक असतं, ओलं केलं की हवा तो आकार घेतं आणि वाळल्यावर तो सोडत नाही. उन्हाने आणि हाताळण्याने गडद होत जातं. त्याची कड नुसत्या पाण्याने आणि घासण्याने गुळगुळीत होते.

मला हाच शेवटचा गुण हवा होता, म्हणून व्हेज टॅन ठरलं. आणि ते ठरल्याबरोबर एज पेंट म्हणजे कडेला द्यायचा रंग, तो लावायचा रोलर आणि तो बसवायचं तापतं अवजार, हे सगळं यादीतून गेलं. क्रोम घेतलं असतं तर नेमकं हेच लागलं असतं. पेटीवाले हे सांगत नाहीत त्यात आश्चर्य नाही, त्यांना पेटी विकायची असते.

विकत घेताना मापांची भाषा आधी कळून घ्यावी लागते. जाडी कोणी मिलिमीटरमध्ये सांगतं, कोणी औंसात. इथे औंस म्हणजे जाडी: १ औंस म्हणजे एका इंचाचा चौसष्टावा भाग, सुमारे ०.४ मिमी. म्हणून '३ औंस' वाचलं की मनात १.२ मिमी म्हणायचं. क्षेत्रफळ बहुतेक ठिकाणी चौरस फुटांत चालतं. अख्ख्या चामड्याच्या पाठीमागे आकडा मारलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर बारीकसा दुसरा आकडा. ९ वर बारीक २ दिसला म्हणून तो नवाचा वर्ग नव्हे. वरचा आकडा पाव फुटांचा, म्हणजे ते साडेनऊ चौरस फूट. त्यातलं सगळं कामाचं नसतं. पाठीचा भाग घट्ट आणि सगळीकडे सारखा, खांद्यावर सुरकुत्या असल्या तरी पोत चांगला, पोटाचा भाग सैल, ओढला की ताणणारा. पोटाचं चामडं स्वस्त का मिळतं याचं उत्तर तिथेच आहे. पाकिटाचा खिसा पोटाच्या चामड्याचा केला तर काही दिवसांत कार्डं त्यातून आपोआप घसरायला लागतील.

मला अख्खं चामडं नकोच होतं. बॅगा आणि फर्निचर करणाऱ्यांकडे कातरणाचे ढीग असतात, आणि विचारलं तर बरेच जण आनंदाने देतात. पण ते जवळजवळ सगळं क्रोम. हात बसवायला, अस्तराला उत्तम. व्हेज टॅनची कातरणं हवी असतील तर पट्टे आणि घोड्याचं साज करणाऱ्यांकडे विचारावं, फक्त ती जाड असतात. पातळ व्हेज टॅनसाठी शेवटी कापून ठेवलेल्या चौकोनी तुकड्यांवर आले, ज्यांना विक्रेते पॅनेल म्हणतात. चौरस फुटाचा भाव अख्ख्या चामड्यापेक्षा चढा पडतो, पण वाया काही जात नाही. मागणी नोंदवण्याआधी नमुने मागवले. नमुने द्यायला जो कुरकुर करतो त्याच्याकडून मी घेत नाही, हा माझा नियम तेव्हापासूनचा.

नमुने आल्यावर एका संध्याकाळी ते टेबलावर मांडून बसले. एकेकावर पाण्याचा थेंब टाकला. एकावर तो गडद डाग पाडत मुरला, दुसऱ्यावर मोत्यासारखा बसून राहिला. मग ताज्या पात्याने कड कापून भिंगाखाली धरली. मुरलेल्याची कड आरपार फिकट तपकिरी, बसून राहिलेल्याच्या पोटात निळसर राखाडी रेघ. ती क्रोमची खूण. रंग आरपार भिनवलेला असेल तर मात्र ही रेघ दिसत नाही, तेव्हा वाकवून, नखाने दाबून बघायचं: ओलसर व्हेज टॅनवर नखाची खूण राहते. एका विक्रेत्याने 'जेन्युइन लेदर' म्हणून पाठवलेला तुकडा फोटोत सगळ्यात देखणा होता. कडेला नख घातलं तर वरचा पापुद्रा प्लॅस्टिकसारखा सुटून आला, आणि खाली दोन्ही बाजूंनी लव असलेलं स्प्लिट. म्हणजे चामड्याचा वरचा दाणेदार थर काढून घेतल्यावर उरलेला खालचा भाग, त्यावर लेप आणि लेपावर छापलेला दाणा. तांत्रिकदृष्ट्या तो खोटं बोलला नव्हता, स्प्लिटही चामडंच. म्हणून आता 'जेन्युइन' हा शब्द मी वाचतच नाही. 'फुल ग्रेन', म्हणजे वरचा दाणेदार थर शाबूत असलेलं, असं लिहिलंय का, व्हेज की क्रोम, जाडी किती आणि शरीराचा भाग कोणता, एवढंच विचारते.

कापायच्या अवजारासाठी मी चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले, कारण रापी, म्हणजे त्यांची चामडं कापायची-तासायची सुरी, कशी धरतात ते बघायचं होतं. त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "ताई, शिवायचं काय आहे?" पाकीट म्हटल्यावर हसले आणि म्हणाले, "मग रापी कापायला नको, तासायला लागेल." आणि दाखवलं. गुळगुळीत दगडावर चामड्याची पट्टी उलटी ठेवली, डाव्या हाताची बोटं मागे दाबून धरली, रापी जवळजवळ आडवी केली आणि अंगापासून पुढे लोटली. कडेवरून कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ साल निघाली आणि पट्टीची कड निमुळती होत संपली. असे तासलेले दोन थर एकावर एक आले की कड फुगत नाही. प्रत्येक दोन-तीन फटकाऱ्यांनी ते पातं चामड्याच्या तुकड्यावर मागे ओढत होते, न बघता. त्यांची आरीही बघून घेतली. तिच्या टोकाला आकड्यासारखी खाच असते, भोकातून दोरा ओढून घ्यायला. पाकिटाच्या दोन सुयांच्या शिवणीला ती चालत नाही. तिला खाच नसलेली, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या छेदाची आरी लागते. हे मला कुठल्याच यादीत नीट लिहिलेलं सापडलं नव्हतं.

सरळ कापायला मी साधा पाती मोडायचा कटर घेतला. पात्याचं बोथट टोक मोडून नवं पुढे सरकवायचं ही कल्पना जपानच्या ओल्फाची, १९५६ सालची, आणि १.२ मिमी चामड्यासाठी तिच्याहून बरं काही मला अजून दिसलेलं नाही. पट्टी मात्र पोलादी हवी, आणि तिला मागे कॉर्क असेल तर ती सरकत नाही. एका दमात कापायचा प्रयत्न करू नये. हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवलं की कड उभी राहते.

रापी विकत आणली तीही काकांच्या सांगण्यावरून, आणि आणली त्याच दिवशी कळलं की नवं पातं धारदार नसतं. धार लावायला महागडे दगड सुचवले जातात. मी जाड काचेवर वॉटरपेपर, म्हणजे ओला करून वापरायचा पॉलिश पेपर, चिकटवला: आधी ४०० नंबरचा, मग १०००, मग २०००. शेवटी लाकडाच्या फळीवर चामड्याची पट्टी उलटी चिकटवून तिच्यावर हिरवी पॉलिशिंग पेस्ट चोळली. ती हिरवी पेस्ट म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, त्यामुळे क्रोमला घराबाहेर ठेवायचं म्हटलं तरी तो असा मागच्या दाराने आलाच. मी सगळ्यात जास्त वेळ दिला तो या फळीला, आणि कुणी मला विचारलं की पहिलं काय घेऊ, तर मी हीच सांगते. बोथट रापी चामडं तासत नाही, ओढते. आणि बोट कापतं तेही बोथट पात्याने, कारण जोर लावावा लागतो.

घरात आधीच असलेल्या वस्तूंनी बरीच मजल मारली. ओट्याच्या सिंकसाठी कापून काढलेला ग्रॅनाइटचा तुकडा ठोकायला खाली ठेवला. तो जड असतो, सपाट असतो आणि दगडकाम करणाऱ्यांकडे अडगळीत पडलेला असतो. त्यावर भाजी कापायचा जाड पांढरा प्लॅस्टिकचा पाट, म्हणजे भोकं पाडताना पोलादाची टोकं दगडावर आपटत नाहीत. कडेपासून सारख्या अंतरावर शिवणीची रेघ ओढायला शाळेतलं कर्कटक: एक टोक कडेबाहेर घासत न्यायचं, दुसरं चामड्यावर रेघ उठवतं. कागद धरायचे काळे क्लिप चिकटवताना पकड म्हणून, फक्त मध्ये चामड्याचा तुकडा घालायचा, नाहीतर दाताची खूण कायमची. शिवताना काम धरायला लाकडी चिमटा मिळतो, तो मात्र घेण्यासारखा आहे, कारण दोन्ही हातांत सुया असतात.

भोकांच्या अवजारात मी काटकसर केली नाही. दोन जाती आहेत. प्रिकिंग आयर्न फक्त खुणा उमटवतं आणि भोक आरीने पाडायचं. स्टिचिंग चिझल थेट आरपार जातं. पातळ पाकिटाला चिझल सोपं. दातांतलं अंतर कुठे ३ मिमी, कुठे ४, आणि मध्येच ३.३८, ३.८५ असे विचित्र आकडे. ते जुन्या फ्रेंच इंचाचे अवशेष. तो इंच २७ मिमीहून किंचित मोठा होता; त्याचे आठ भाग केले की ३.३८, सात केले की ३.८५ च्या जवळ. माप गेलं, टाके राहिले. मी ३.८५ घेतलं, सहा दातांचं एक सरळ रेषेसाठी आणि दोन दातांचं वळणांसाठी. पुढचा ठोका मारताना शेवटच्या भोकात पहिला दात बसवायचा, म्हणजे ओळ चुकत नाही.

स्वस्त चिझलचा त्रास आत जाताना नसतो, बाहेर काढताना असतो. दातांच्या बाजू खडबडीत असतात, त्या चामड्याला धरून बसतात आणि ओढताना भोक फाकतं. वॉटरपेपरची चिंचोळी पट्टी प्रत्येक दोन दातांमधून पुढे-मागे ओढून त्या घासून घेतल्या, मग हिरव्या पेस्टने पॉलिश केलं. काम सुरू करताना टोकं मधमाशीच्या मेणात रोवायची. आणि ठोकायला लोखंडी हातोडी नाही: तिने अवजाराचं डोकं पसरतं. नायलॉनची किंवा लाकडाची मोगरी घ्यावी. जड बरी, कारण एक नेमका ठोका तीन भित्र्या ठोक्यांपेक्षा स्वच्छ भोक देतो.

दोरा भोकांच्या अंतराला शोभेल असा लागतो. ३.८५ च्या भोकांना ०.६ मिमीच्या आसपासचा मेण दिलेला पॉलिस्टर चांगला दिसतो. लिननचा दोरा जास्त देखणा, पण त्याला मेण स्वतः द्यावं लागतं. शिवणकामाची टोकदार सुई इथे उपयोगाची नाही. हार्नेस नीडल म्हणून मिळते ती बोथट टोकाची घ्यायची, कारण भोक आधीच पाडलेलं असतं आणि टोकदार सुई आत असलेल्या दोऱ्यातच घुसते. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही जाणार. याला सॅडल स्टिच म्हणतात. मशीनच्या टाक्यात एक दोरा तुटला की शेजारचे टाके सुटत जातात; इथे एका बाजूचा झिजला तरी दुसरा धरून असतो. शिवणीच्या लांबीच्या चौपट दोरा आणि वर हातभर. कमी पडला की काय होतं ते सांगायला नको.

गोंदाबद्दल थोडक्यात. काँटॅक्ट सिमेंट दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. वास डोक्यात जातो, खिडकी उघडी हवीच. पाण्यातला गोंद मिळाला तर घरासाठी तोच बरा.

कडेसाठी ४०० आणि ६०० चा कागद, कोपरा मारायला एज बेव्हलर, लाकडी दांडी, कॅनव्हासचं फडकं आणि मधमाशीचं मेण. कड थोडी ओली करायची आणि फडक्याने भराभर घासायची. आधी ती गडद होते, मग काचेसारखी गुळगुळीत लागते आणि तीन थरांच्या रेघा नाहीशा होतात. पाणी कमी पडतंय असं वाटलं तर ट्रॅगाकँथचा डिंक आहे. तेल म्हणून नीट्सफूट घेतलं, गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं. ते फडक्याने पुसटसं लावायचं, ओतायचं नाही.

ओल्या व्हेज टॅनजवळ लोखंड येऊ द्यायचं नाही, हे मात्र कुठल्याच विक्रेत्याने सांगितलं नव्हतं. टॅनिन आणि लोह ओलाव्यात भेटले की काळा डाग पडतो आणि तो सहजी जात नाही. जुन्या काळची काळी शाई याच गुणावर बनत असे, आणि काही कारागीर व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस मुरवून त्या पाण्याने चामडं मुद्दाम काळं करतात. पोलादी पट्टी, चिझल, क्लिप हे सगळं म्हणून कोरडं पुसूनच ओल्या तुकड्याजवळ आणते, आणि कड ओली करायचं काम कापणं-ठोकणं संपल्यावर.

पाकीट झालं आणि पुढची वस्तू ठरली कमरेचा पट्टा, तर यादी पुन्हा नव्याने लिहावी लागली. पट्ट्याला ३.५ ते ४ मिमीचं चामडं, आणि तेही पाठीच्या भागाचं, कारण पोटाचं वर्षभरात लांब होईल. चार मिमीला मोडत्या पात्याचा कटर पुरा पडत नाही. सारख्या रुंदीच्या पट्ट्या काढायला स्ट्रॅप कटर लागतो. नाहीतर विक्रेत्याकडूनच कापून घ्यायच्या, मी तेच केलं. दोरा ०.८ च्या वरचा, भोकं जास्त अंतरावर, बकलच्या काट्यासाठी लांबट पंच. बकल घेताना आतली रुंदी पट्ट्याएवढी हवी, आणि चुंबक खिशात ठेवावं. चिकटलं तर ते पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड. नाही चिकटलं तरी ते पितळच असेल असं नाही, जस्ताच्या मिश्रधातूलाही चुंबक लागत नाही. तेव्हा मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी बारीक ओरखडा मारून आतला रंग बघायचा. दुकानदाराची परवानगी घेऊन.